साच्याशेजारची जागा

“पहिले काही दिवस दात ठणकतील. मऊच खायचं. तार गालाला टोचली तर हे मेण लावायचं. आणि तारा निघाल्या म्हणजे सुटलो, असं नाही हं! रात्री दातांवर बसवायची प्लेट चुकवली की दात परत आपल्या जागेकडे पळतात. मेले लबाड असतात!”

ताईंच्या या बोलण्यावर खुर्चीतली मुलगी खुदकन हसली. ताईही हसल्या, पण मास्कच्या आत. दातांच्या या दवाखान्यात मदतनीस म्हणून त्यांची उभी हयात गेली, ती त्या मास्कच्या आधाराने. वरचे पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले, सुळा बाहेर आलेला. लग्नाच्या फोटोतही त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले होते. “हस की जरा, रुसल्यासारखी काय उभी आहेस?” असं नवरा तेव्हा म्हणाला होता.

आपल्या दातांनाही तारा लावायच्या, हे त्यांनी केव्हाच ठरवलं होतं. पण आधी धाकट्या बहिणीचे दात झाले. मग सासूबाईंचं अंथरूण. मग लेकीचे दात. लेकीचं लग्न झालं, तशा ताई धीर करून डॉक्टरमॅडमना म्हणाल्या, “आता माझ्या दातांना लावा.” मॅडमनी लगेच दातांचा साचा घेतला, एक्स-रे काढला. नवऱ्याने टोमणा मारलाच, “आता कुठे सिनेमात जायचंय?” ताईंनी त्याला उडवून लावलं. त्या इतक्या खूश होत्या, की न्हाणीघराच्या आरशात ओठ फाकवून एकट्याच हसून बघत होत्या.

आज मुलीला समजावून होतंय तोच, “ताई, जरा आत या,” अशी मॅडमनी आतून हाक मारली. ताईंचा एक्स-रे उजेडावर लावलेला होता.

“बसा.”

“बसते कशाला, सांगा की.”

“हिरड्यांतून रक्त यायचं?”

“यायचं थोडं. जोरात घासलं की येतंच.”

“मुळाशी हाडच राहिलेलं नाही, ताई. तार ओढली तर दात सरळ नाही व्हायचे, हातात येतील.”

“हळूहळू ओढली तर?”

“नाही हो.”

“नुसते पुढचे दोन?”

मॅडमनी नकारार्थी मान हलवली. हिरडीतून रक्त आलं तर दुखायची वाट बघू नका, हे ताई येईल त्याला बजावत आल्या होत्या. घरी मात्र बेसिनमधलं लाल पाणी त्यांनी रोज नळ सोडून घालवलं होतं. त्यांना स्वतःचा भयंकर राग आला. पण आता रागावून तरी काय होणार होतं?

त्या बाहेर आल्या, तर खुर्चीतल्या मुलीच्या हातात दातांचा प्लास्टरचा एक साचा होता. ताईंचाच, सकाळी तयार होऊन आलेला.

“ई! कसले दात! कुणाचे हो मावशी?”

“आहेत एका बाईचे.”

“होतील ना पण सरळ?”

ताईंनी साचा हळूच काढून घेतला. दवाखान्याच्या फळीवर प्रत्येक साच्याशेजारी थोडी जागा सोडायची पद्धत होती. तारा निघाल्या की सरळ दातांचा नवा साचा तिथे बसायचा. ताईंनीच ती पद्धत पाडली होती. आपला साचा त्यांनी कडेला, भिंतीला लावून ठेवला आणि दुसऱ्या कुणाचा तरी सरकवून त्याला चिकटवला.

“तुझे होतील हं,” मास्क वर ओढत त्या म्हणाल्या. “चल, आ कर.”