लंगड्या स्टुलावर भरला कप

मी स्टूल बोलतोय. थांबा, बसू नका! आधी ऐका, मग बसा. एकदा माझ्यावर बसल्यावर ऐकण्याच्या अवस्थेत कुणी राहत नाही, असा माझा अनुभव आहे.

मला एका सुताराने घडवलं. त्या दिवशी त्याचं बायकोशी वाजलं होतं. ती दारातून बोलत होती, हा करवतीने उत्तर देत होता. माझा चौथा पाय कापताना तिने नेमका त्याच्या आईचा विषय काढला आणि माझा पाय बोटभर आखूड झाला. आखूड राहिला तो राहिलाच.

शिक्षणाचं म्हणाल, तर माझ्या फळीच्या खालच्या बाजूला सुताराच्या पोरीने खडूने मुळाक्षरं गिरवली होती. 'ण'पर्यंत आली आणि तिला भूक लागली. तेवढ्या विद्येवर मी आजवर निभावलं. बोलण्यात चूक सापडलीच, तर ती 'ण'च्या पुढची समजा.

स्वस्त मिळालो म्हणून मालकाने मला उचलून आपल्या छत्र्यांच्या कारखान्यात आणलं. पहिल्याच दिवशी शिलाईच्या मावशी माझ्यावर टेकल्या. मावशींचा देह म्हणजे ऐसपैस कारभार. मी जरासा डुललो आणि मावशी थेट कापडाच्या ढिगात! स्वतःच इतक्या हसल्या की, उठवायला गेलेलेही खाली बसले. तेव्हापासून तिथे रीतच पडली. नवा माणूस आला की त्याच्या हातात काठोकाठ भरलेला चहाचा कप द्यायचा आणि गोड आवाजात म्हणायचं, "बसा ना, उभे का?" चहा सांडला, सगळे हसले, की तो माणूस आपला झाला.

न पडण्याची युक्ती अगदी सोपी. डावा पाय जमिनीवर घट्ट टेकवून बसायचं. पण ती आधी कुणी सांगत नाही. सांगितली तर मी जगायचं कशासाठी?

आमच्या ताई कामाला नव्या आल्या, तेव्हा त्यांनीही असाच चहा सांडला होता. नवीन ओढणीवर, अख्खा कप. तेव्हा त्या शिलाईच्या मशीनवर होत्या. काड्यांना कापड टाचणारे काका शेजारी बसायचे. सुई कशी धरायची, अंगठा कसा वाचवायचा, हे त्यांनीच ताईंना शिकवलं.

पुढे कारखान्यावर देखरेख करणारे जुने साहेब नोकरी सोडून गेले आणि मालकाने ताईंना केबिनमध्ये बसवलं. आम्हाला कोण आनंद! पण दुसऱ्याच दिवशी केबिनमधून जुन्या साहेबांचा आवाज आला. मी दचकलो, म्हटलं हे परत आले की काय! बघतो तर ताई. काचेत स्वतःकडे बघत म्हणत होत्या, "मला कारणं नकोत, काम हवं." एकदा जाड आवाजात, एकदा त्याहून जाड. मांजराने वाघाचं कातडं पांघरावं, तसं ते दिसत होतं. मला हसू आवरेना. पण बाहेर कुणी हसलं नाही. ताईंच्या 'मॅडम' झाल्या आणि चहाची रीत बंद पडली. मी काकांच्या टेबलाजवळच्या कोपऱ्यात धूळ खात बसलो.

काकांचं काम तेव्हा मंदावलं होतं. त्यांच्या छत्र्यांचा ढीग रोज खुजा होत चालला होता, टाके वाकडे पडत होते. मालकाने ताईंना बजावलं, "त्यांना घरी पाठवा. आणि ते तुम्हीच सांगायचं."

ताई ताठ मानेने केबिनमधून बाहेर आल्या. पाठ केलेलं तोंडात तयार होतं. काकांसमोर येऊन त्यांनी बसायला हात मागे नेला, हाताला मी लागलो. मी कोण, हे त्या पार विसरल्या होत्या.

"हे बघा काका, मला कारणं..."

एवढ्यात मी डुललो. मॅडम खाली, फाइल टेबलाखाली आणि धक्क्याने एक छत्री फाटकन उघडून त्यांच्या डोक्यावर! सगळी मशीनं थांबली. मावशींनी हसू दाबायला तोंडात पदर कोंबला.

काका वाकून म्हणाले, "पहिल्या दिवशी निदान हातात चहा होता गं तुझ्या."

ताई छत्रीखालून फिसकन हसल्या. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. तशाच जमिनीवर बसून त्या बोलल्या, आणि आवाज त्यांचा स्वतःचा होता. "काका, तुम्हाला काढायला सांगितलंय मला. काल रात्रभर पाठ केलं. पण जमत नाही हो. तुम्हाला होतंय काय, तेवढं तरी सांगा."

काकांनी हातातला दोरा बोटाला गुंडाळला. "जवळचं दिसत नाही. सुईचं भोकसुद्धा बोटाने शोधतो. कळलं तर काढाल, म्हणून बोललो नाही."

"अहो, मग चष्मा!"

"चष्मा लावून आलो असतो, तर मॅडमनी विचारलं असतं." त्यांनी 'मॅडम' असं काही म्हटलं की ताईंनी मान खाली घातली.

त्याच संध्याकाळी ताईंनी मालकाला फोनवर सांगितलं, "मी काकांना काढणार नाही. चष्मा होईल, त्यांचं टेबल खिडकीशी नेलंय, मावशी सुया ओवून देताहेत. तरी काढायचंच असेल, तर मला आधी मशीनवर परत पाठवा. तुम्ही या आणि बघा."

मालक तणतणतच आले. मावशींनी काठोकाठ भरलेला कप त्यांच्या हाती ठेवला. "बसा ना, उभे का?"

ताई कळवळून म्हणाल्या, "डावा पाय टेकवा हं!" माझ्या तोंडचा घासच काढत होत्या की! पण मालकच ते.

"मला बसायला शिकवू नका," म्हणाले आणि बसले.

काय सांगू! चहा विजारीवर, मालक जमिनीवर. काकांनी पुढे होऊन हात दिला आणि एका हिसक्यात त्यांना उभं केलं.

मालक मनगट चोळत म्हणाले, "हातात जोर आहे की अजून!"

"हात ठणठणीत आहेत. बोंब डोळ्यांची आहे," काका म्हणाले.

मालकाने काकांकडे पाहिलं, ओल्या विजारीकडे पाहिलं. "मग चष्म्याची वाट बघू," ते पुटपुटले आणि जाता जाता मलाच एक लाथ घातली. मी ती आशीर्वाद समजून घेतली.

आता काकांच्या नाकावर जाड चष्मा आहे. ढीग पूर्वीएवढा उंच होत नाही, पण टाका सरळ पडतो. केबिनमधली पाठीची खुर्ची ताईंनी त्यांना दिली आणि स्वतःसाठी मला नेलं. कुणाला कठीण काही सांगायचं असलं की त्या त्याच्याजवळ मला ओढतात, डावा पाय टेकवून बसतात आणि मग बोलतात. माझ्यावर बसून जुन्या साहेबांचा आवाज काढता येत नाही, त्यांनी करून पाहिलंय.

परवा मालकाने माझा पाय नीट करायला सुतार पाठवला. ताईंनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. कसा पाजला, ते विचारू नका. बिचारा ओल्या सदऱ्याने घरी गेला.

माझं एवढंच मागणं, या पायाला कुणी हात लावू नका. झालं माझं बोलून. तुम्ही केव्हाचे ताटकळताय! हा घ्या कप, पूर्ण भरलाय. बसा ना, उभे का?