शेवटची दोन पानं

त्या कथेतल्या चारच गोष्टी कोरियन भाषा शिकवणाऱ्या प्यो सरांना आठवत होत्या. मिठागर. पायाने रहाट फिरवून वाफ्यांत खारं पाणी चढवणारी आई. वर्गमित्रांसमोर तिला ‘आमची शेजारीण’ म्हणणारा मुलगा. आणि चौथी, शाळेत असताना ती वाचून आपण रडलो होतो. नाव नाही, लेखक नाही, साल नाही.

“चौथीचा उपयोग नाही, सर,” शाळेची ग्रंथपाल बान मिग्योंग म्हणाली. “रडण्याचा वेगळा कप्पा नाही आमच्याकडे.”

तरी तिने जिल्ह्यातल्या शालेय ग्रंथपालांच्या गटावर निरोप टाकला. उत्तरं धडाधड आली. पायाचा रहाट म्हणजे पंप यायच्या आधीचा काळ, कुणीतरी लिहिलं. दुसरी म्हणाली, “शेवट विसरला आणि आपलं रडणं तेवढं लक्षात ठेवलंय. पुरुषच तो!” तिसऱ्या दिवशी बेटावरच्या शाळेच्या ग्रंथपाल कुक बाईंनी छडा लावला. “अगं, आई नाही, सावत्र आई! म्हणून सापडत नव्हती. तो कथासंग्रह तेव्हा शाळाशाळांत वाटला होता. तुझ्याच मागच्या कपाटात बघ.”

कपाटात तो होता. पाठीवर हिरवट बुरशी, शिवणीत कसर, आणि वास असा की सुकट कुजावी. मिग्योंगने तोंडाला मास्क लावून एकेक पान स्पिरिटने पुसलं. दोनदा उमासा आला. पुसता पुसता ती कथा वाचत गेली आणि शेवटच्या दोन पानांशी हातातला कापूस वाळून गेला.

सर दुसऱ्या दिवशी येणार होते. तोवर तिने पुस्तक हारमला दिलं. हारम अकरावीतली. रोज मधल्या सुट्टीत किंबापच्या भातगुंडाळीचे चार घास कोंबून खिडकीपाशी येऊन बसायची. शिकवणीच्या वर्गात तिच्याकडून शेकडो उतारे घोटून घेतलेले. हायस्कूलला आल्यापासून सुरुवातीपासून शेवटापर्यंत एकही कथा तिने वाचलेली नव्हती. आज मात्र तिची मान वर होत नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती वाचत असतानाच प्यो सर आले, त्यांनी तिच्या हातातलं पुस्तक ओळखलं आणि त्यांचा चेहरा पडला.

“हारम, कुठवर वाचलंस?”

“ती शाळेच्या फाटकाशी आलीय, सर. दोनच पानं राहिलीत.”

“ठेव ते. बुरशी आहे त्याला, छातीत जाईल. बानबाई, घ्या हो काढून.”

पान न् पान मिग्योंगने पुसलं होतं. तिने सरांकडे पाहिलं; त्यांनी डोळ्यांनीच दाराबाहेर खुणावलं.

“ही कथा सत्र परीक्षेला घेतोय,” व्हरांड्यात ते कुजबुजले. “शिकवणीवाल्यांनी सगळे उतारे आधीच करून घेतलेत. श्रेणी गुणांवर नाही, क्रमावर मिळते; सगळ्यांना पैकीच्या पैकी पडले तर पहिली श्रेणी कुणालाच मिळत नाही. मग पालक माझी सालटी काढतात. कुणी न पाहिलेलंच हवं मला.”

“तुम्ही रडला होतात म्हणून आम्ही शोधलं, सर.”

“रडलो होतोच की. म्हणून तर मुलांना अवघड जाईल.”

“तिने जवळजवळ सगळी वाचलीय. मग आता?”

सर खुलले. “मग शेवटची दोन पानं घेतो. तेवढी तिनेही पाहिलेली नाहीत. कुणावर अन्याय नको.”

खाटीक मांस निवडतो तशी त्यांनी ती पानं निवडली, असं मिग्योंगला वाटलं. आणि तरीही आत जाऊन हारमच्या हातातून पुस्तक तिनेच घेतलं.

“बाई, शेवट तरी सांगा ना. ती आत जाते का? तो तिला ओळख देतो का?”

सांगितलं असतं तर पेपर फुटला असता. नोकरी गेली असती ती वेगळीच. “परीक्षेनंतर,” मिग्योंग म्हणाली. आपलाच आवाज तिला चिकट वाटला. पुस्तक कुलपात गेलं. तिने तीनदा हात धुतले, तरी बोटांना तो वास येतच राहिला.

परीक्षेच्या दिवशी तिची देखरेख नेमकी हारमच्याच वर्गावर लागली. सतराव्या प्रश्नाला चौकटीत ती दोन पानं होती. मुलाच्या तोंडचं शेवटचं वाक्य खोडून तिथे रिकामी जागा ठेवली होती. सावत्र आईच्या मिठाने फुटलेल्या टाचांखाली रेघ मारून ‘अ’ लिहिलं होतं. खाली पाच पर्याय: ‘अ’मधून व्यक्त होणारा सर्वांत योग्य भाव कोणता?

हारम त्या पानावर थांबली. मग पुन्हा चौकटीच्या सुरुवातीला गेली. रिकाम्या जागेवर तिने बोट ठेवलं आणि मान वर करून मिग्योंगकडे पाहिलं. मिग्योंगने घड्याळाकडे पाहिलं.

पुढच्या आठवड्यात निकाल लागला. सतराव्या प्रश्नाचं उत्तर तेरा टक्के मुलांचं बरोबर आलं. हारमच्या उत्तरपत्रिकेवर सतराव्यापासून शेवटच्या तिसाव्या प्रश्नापर्यंतचे सगळे गोल कोरे होते.