खिंडीच्या अलीकडे

"दाराक कडी ना, पाणी ना, राखणेक मनीस ना. हेका तुमी हाटेल म्हणत होतात?" पाठीवरची पिशवी धाडकन खाली टाकत सत्यवती म्हणाली.

"हाटेल खंय म्हटलां? निवारो म्हटलां," असे म्हणत रघुनाथ कण्हतच फळीवर बसला. नवऱ्याचा उजवा गुडघा नारळाएवढा सुजला होता.

हिमाचलातल्या त्या उंचावरच्या दगडी खोलीत कोणीच राहत नसे. येईल त्याने दार ढकलावे, झाडून घ्यावे, रात्र काढावी आणि पहाटे वरच्या खिंडीकडे निघावे. धारगळच्या रघुनाथने बसमध्ये कंडक्टरकी करत तीस वर्षे काढली. या खिंडीचे चित्र तेवढीच वर्षे त्याच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेले होते. निवृत्त झाल्यावर दोन वर्षे तो रोज गावचा चढ चढून-उतरून येई. सत्यवती आली ती त्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या सांभाळायला.

"सांगत होतंय, त्या दगडार उडी मारू नकात म्हणान!"

"उडी खंय मारली? पाय घसारलो."

वाटाड्या तेजरामचा स्टोव्ह चारदा विझला. म्हापशाहून हट्टाने आणलेल्या उंड्या पावांचे एव्हाना धोंडे झाले होते; रघुनाथने तेही चहात बुडवून, "बरे लागतत," म्हणत खाल्ले. रात्रभर खिडकीच्या फटीतून वारा शिट्ट्या घालत राहिला. नवरा घोरत नव्हता, म्हणजे जागा होता. सत्यवतीला त्याचाही राग आला.

सकाळी तेजरामने गुडघा दाबून पाहिला. "चाचाजी, ऊपर नहीं," तो म्हणाला आणि खाली उतरणाऱ्या एका मेंढपाळाजवळ त्याने घोड्यासाठी निरोप दिला. घोडा यायला दुपार होणार होती.

रघुनाथने दारातून खिंडीकडे पाहिले. मग म्हणाला, "तू जा गो तेजरामाबरोबर."

"मी? माका कित्याक? थंय काय माजो मामा रवता?"

"दोगांतल्या एकान तरी बगूक होया. बगून ये आनी माका सांग."

"आनी तुमका हांगा सोडून?"

"मी काय पोर?"

"पोर बरा! सांगलेला आयकता तरी!"

तणतणत ती निघाली. तीन तासांच्या त्या चढावर पावलागणिक तिने नवऱ्याचा उद्धार केला. त्याचा हट्ट, त्याचे उंडे, त्याचा तो गुडघा, काही सोडले नाही.

आणि वर पोचताच तिचे बोलणे बंद झाले.

समोर बर्फाची शिखरे, एकामागे एक, नजर पोचेल तिथवर. आभाळ इतके निळे की खोटे वाटावे. ती तिथेच एका दगडावर बसली. कित्येक वर्षांत पहिल्यांदा ती कोणावरही चिडलेली नव्हती. "बगलात?" असे म्हणत तिने शेजारी वळून पाहिले, तर तेजराम बुटाची नाडी बांधत होता.

उतरताना, कसे सांगायचे ते ती मनात जुळवत राहिली.

रघुनाथ उंबऱ्यावर बसला होता. जन्मात कधी केरसुणीला हात न लावलेल्या माणसाने आतली खोली लख्ख झाडली होती, केसही विंचरले होते.

"काय दिसला गो?"

सत्यवतीने तोंड उघडले आणि तिची नजर त्याच्या चेहऱ्यावर गेली.

"काय दिसतला? धुकां नुसता. आपलो हात दिसाक ना."

तो तिच्याकडे पाहत राहिला. उन्हाने तिचे नाक आणि गाल भाजून लालबुंद झाले होते.

"व्हय," तो म्हणाला, "हांगा पण सकाळपासून धुकांच."

छपरावर त्याने वाळत घातलेले मोजे उन्हात कडकडीत सुकले होते.