हारूनच्या मनगटाची तक्रार

"माणसाला चावलं का?" चौकीतल्या अंमलदाराने पुन्हा विचारलं.

हारूनने शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं. व्हिटनसाहेब ताठ बसले होते. साहेब आंधळे, त्यात अरबीचा गंध नाही, त्यामुळे सकाळपासून त्यांची बाजू मांडायचं काम कंपनीच्या ड्रायव्हरवर, म्हणजे हारूनवर आलं होतं.

"त्यांना नाही चावलं. त्यांच्या कुत्रीला फाडलंय."

"मग मी काय लिहू? कुत्रं कुत्र्याला चावलं. मालाचं नुकसान झालं म्हणून कोर्टात जा."

हारूनने ते मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. साहेबांनी हातातली काठी घट्ट धरली. "माल? त्याला सांग हारून, तिची जखम भरेल. पण ती घाबरली तर पुन्हा मला घेऊन चालणार नाही. मग मी दाराबाहेर पडायचं कसं?"

आंधळ्याला वाट दाखवणारी कुत्री हारूनने आयुष्यात पाहिली ती ही एकच, हॅझेल. साहेब कंपनीतल्या पोरांना इंग्रजी शिकवत. सीफच्या ऑफिसात हारून त्यांना गाडीने सोडी, पण एरवी हॅझेलच्या पाठीवरच्या पट्ट्याची मूठ धरून ते जिदहफ्सच्या बाजारात एकटे हिंडत. भाजीवाल्यांत हारूनपेक्षा तिच्या ओळखी जास्त होत्या. आज सकाळी शेजारच्या बंगल्याचं फाटक उघडं राहिलं, तिथला राखणीचा दांडगा कुत्रा सुटला आणि त्याने तिचा खांदा फोडला. टाके घालून ती आता गुरांच्या डॉक्टरकडे पडून होती.

अंमलदार माणूस वाईट नव्हता. त्याने उसासा टाकला, लेखणी ठेवली, आणि त्याची नजर हारूनच्या बाहीवर गेली. "हाताला माती कसली?"

हारून चपापला. तो रत्नागिरीकडचा कोकणी मुसलमान. कुत्र्याची लाळ लागली तर सात पाण्यांनी धुवायचं, त्यातलं एक पाणी मातीचं, हे लहानपणापासून अंगवळणी पडलेलं. म्हणून तर हॅझेलसाठी मागच्या सीटवर वेगळी चादर असे आणि तिचं ओलं नाक जवळ आलं की हा दाराच्या काचेला चिकटे. पण सकाळी कसला विचार करतोय? मध्ये पडून त्याने तिला छातीशी उचललं होतं. मग डॉक्टरच्या दारातल्या नळाखाली घाईघाईने हात धुतला, तेव्हा बाहीच्या दुमडीत माती राहून गेली.

"लाळ लागली होती," तो पुटपुटला.

अंमलदारही मुसलमान, त्याला त्या मातीचा अर्थ कळत होता, तिथेच पंचाईत झाली. त्याने हारूनचा हात ओढून बाही वर केली. "कोणत्या कुत्र्याची?"

मातीखाली दातांच्या खुणा होत्या.

"अरे, हे माणसाला चावलंय! आता लिहितो. त्या बंगल्यातल्या कुत्र्याने चावलं, होय की नाही?"

 तो बंगला कंपनीच्या मालकाचा होता. हारूनचा विसा त्याच्याच नावावर होता, आणि गावी इक्राच्या, त्याच्या मुलीच्या, लग्नाची बोलणी चालली होती. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, एवढं शहाणपण त्याच्याजवळ होतं. हॅझेलनेच चावलं असं खोटं म्हटलं असतं तर मालकाचं नाव न येता मिटलं असतं. साहेबांना पत्ताही लागला नसता, आणि नेमकं तेच त्याला सहन होईना.

"होय," हारून म्हणाला.

रात्री बुसैतीनच्या खोलीत गाववाला ताहिर त्याच्यावर उखडला. "तुला कनाला पायजे होती ही उठाठेव? कुत्र्यापायी विसा घालवशील!"

"घालवला," हारून म्हणाला. "मॅनेजर बोल्ला, महिनाअखेर खलास."

"नि त्या साहेबाला सांगितलास?"

"कनाला सांगू? तेला काय कमी ताप हाय?"

तक्रार मात्र झाली. ड्रायव्हरच्या मनगटाला चावा, एवढंच तिच्यात होतं. हॅझेलचं नाव शोधूनही सापडलं नसतं. हारूनला सुया टोचल्या, मालकाचा कुत्रा गाडीत घालून कुठेतरी नेला. कायदा धावून आला तो हारूनच्या चार ओरखड्यांसाठी. त्याचं त्यालाच हसू आलं आणि वाईटही वाटलं.

टाके निघाल्यावर एका सकाळी साहेबांनी हॅझेलच्या पाठीवर पट्टा चढवला. "चल."

ती फाटकापर्यंत नीट आली आणि तिथे बसली. साहेबांनी पुन्हा सांगितलं. तिने शेजारच्या बंगल्याच्या फाटकाकडे पाहिलं, मागचे पाय थरथरू लागले. साहेबांनी मूठ ओढली नाही.

"साहेब, तो कुत्रा आता नाही तिथं. नेला त्याला."

"ते तुला माहीत आहे, मला माहीत आहे. तिला कोण सांगणार?"

 मग खाली बसून त्यांनी पट्टा सोडवला, तिच्या कानामागे खाजवलं. उठून हवेत हात चाचपत त्यांनी हारूनचं कोपर शोधलं.

"आता तूच, हारून. रोज येशील ना बाजारापर्यंत?"

महिना संपत आला होता. हारूनची पेटी बांधून खोलीत पडली होती.

"इंशाल्ला, साहेब," तो म्हणाला, आणि त्यांचा हात कोपरावर नीट बसवून घेतला. "सावकाश. पुढं पायरी आहे."