हन्नेने शहर पाहिले तो शनिवार

मित्रांनो, मला सीट दोन, हँडल दोन आणि पॅडल चार. चाके मात्र दोनच. मी एक जुनी जोडसायकल आहे. गेंट शहरात एका विटांच्या घरामागे, अवजारांच्या खोलीत मी राहते.

माझा जन्म एका लग्नासाठी झाला. ओडील नावाच्या तरुण पोस्टमनचे इर्माशी लग्न ठरले. पण इर्माला सायकल चालवायची फार भीती. म्हणून ओडीलने एका कारागिराकडून दोन जुन्या सायकली जोडून मला बनवून घेतले आणि स्वतःच्या हाताने हिरवा रंग दिला. पुढे ओडील, मागे इर्मा. गर्दी आली की ती डोळे गच्च मिटून घ्यायची आणि म्हणायची, “मी नाही बघत बाई! तूच सांग काय दिसतंय ते.” मग ओडील सांगत सुटायचा. लोक थांबून माझ्याकडे बघत, मुले हात हलवत. मला फार अभिमान वाटे.

पुढे इर्मा आजारी पडली आणि गेली. ओडीलने मला स्वच्छ पुसले आणि भिंतीवरच्या आकड्यांना टांगले. नऊ वर्षे मी तिथेच होते. टायर बसले, साखळी गंजली, मागच्या सीटखाली कोळ्याने घर केले. ओडील फावडे घ्यायला आत येई, पण माझ्याकडे बघत नसे. मला त्याचा राग आला नाही. ती रिकामी सीट बघणे त्याला जमत नव्हते.

गेल्या सप्टेंबरात वरच्या खोलीत हन्ने भाड्याने राहायला आली. समुद्राकडच्या गावातली शेतकऱ्याची मुलगी, विद्यापीठात इतिहास शिकायला आलेली. हन्नेला जन्मापासून दिसत नाही. पहिल्याच शनिवारी तिच्या वर्गातली मुले सायकलींवरून शहर बघायला निघाली. दारात एक मैत्रीण तिला म्हणाली, “तू कशाला उगाच दमतेस? आम्ही आल्यावर सगळं सांगू ना तुला!” बोलणे मायेचेच होते, पण हन्नेला ते लागले.

थोड्या वेळाने ती मागच्या अंगणात पायरीवर बसून फोनवर बोलू लागली. मला सगळे ऐकू येत होते.

“आई, संध्याकाळी गाडी घेऊन ये. नाही गं, कुणी काही बोललं नाही. मला नाही जमणार इथं, एवढंच.”

ओडील वाफ्यातले कांदे काढत होता. फोन संपल्यावर त्याने हातांची माती झटकली. मग म्हणाला, “शहर न बघताच निघालीस?”

“मी काय बघणार, काका?”

“माझी बायको डोळे मिटूनच हिंडली सगळं गेंट. चाळीस वर्षं! पण कुठं काय आहे ते विचार. कुणालाही मागे टाकलं असतं तिनं.”

एवढे बोलून तो आत आला आणि नऊ वर्षांनी त्याचे हात मला लागले. शेजारून ट्यूब आल्या, साखळीला तेल मिळाले. दुपारी आम्ही बाहेर पडलो. हन्नेच्या पायांत चांगलाच जोर होता.

“हळू गं! शर्यत आहे का ही?” ओडील ओरडला. मग त्याची जीभ सैल झाली. “हे डावीकडचं घर. ह्याची पत्रपेटी इतकी खाली, की माझी कंबर हिनंच मोडली. आता मटणबाजार. वास येतोय ना? छताला डुकराच्या मांड्या टांगल्यात.”

“आणि नदी उजवीकडे,” हन्ने म्हणाली. “गार वारा येतोय.”

एवढ्यात माझे पुढचे चाक ट्रामच्या रुळात अडकले आणि आम्ही तिघेही आडवे झालो. हन्नेचा गुडघा खरचटला. ओडील पदपथावर बसला. 

“पुरे झालं. तुला काही झालं असतं म्हणजे? चल, चालत घरी जाऊ.”

हन्नेने माझे चाक उचलून फिरवले, कडेवरून बोटे फिरवली, वाकलेला मडगार्ड सरळ केला. “बाबांचा ट्रॅक्टर मी असाच तपासते. हिला काही झालेलं नाही. काका, रूळ दिसला की नुसतं ‘रूळ!’ म्हणा. मी तोल सांभाळते.”

ओडील उठला.

शहराच्या मधोमध उंच मनोऱ्याजवळ साऱ्या शहराची ब्राँझची छोटी प्रतिकृती आहे. हन्नेने तिच्यावर दोन्ही हात ठेवले. तिची बोटे तीन मनोऱ्यांवर चढली, छपरांवरून उतरली, गल्ल्यांतून चालली.

“आपण पडलो ते कुठं?” हन्नेने विचारले. ओडीलने तिचे बोट तिथे नेले, तशी ती म्हणाली, “आणि घर इकडच्या बाजूला. मग ह्या गल्लीतून का नाही आलो? इथून तर रूळ लागलेच नसते.”

ओडील म्हणाला, “त्या गल्लीत इर्माची आवडती बेकरी आहे. ती गेल्यापासून मी तिथं पाऊल ठेवलेलं नाही.”

“मग नको काका, रुळावरूनच जाऊ.”

“नको,” ओडील म्हणाला. “गल्लीतूनच जाऊ. पावही घेऊ.”

संध्याकाळी आई आली. लेकीचा गुडघा पाहून ती पटकन खाली वाकली. “हे गं काय?”

“पडले. आई, बॅग राहू दे वरच. तू पुढच्या शनिवारी पुन्हा ये. मी तुला शहर दाखवते.”

 आईने लेकीचा हात घट्ट धरला.

मित्रांनो, वापरल्याने आम्ही वस्तू झिजतो, हे खरे. पण ते झिजणे आम्हाला हवेसे वाटते. तुमच्या माळ्यावर, जिन्याखाली एखादी वस्तू वाट बघत असेल, तर तिला खाली काढा, पुसा, तेल द्या आणि कामाला लावा. मला आता निघायला हवे. ओडील पंप शोधतो आहे आणि हन्ने दारातून हाक मारते आहे, “काका, आटपा लवकर! आज किल्ला!”