शेऱ्याचा रकाना

मुख्याध्यापक ख्रिसान्थोस यांनी ऐंशी वर्षांपूर्वीचा तो हजेरीपट मिटला आणि त्यावर हात ठेवला. "नोंद म्हणजे नोंद, बाई. जुन्या दप्तराला हात लावायचा नसतो. उद्या मंत्रालयानं विचारलं तर?"

"तर माझं नाव सांगा," एव्हान्थियाबाई म्हणाल्या. "जूनअखेर मी निवृत्त होतेय. मला काय करणार आहेत?"

शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी हसलं. उत्तर ग्रीसमधल्या त्या तळ्याकाठच्या गावाला बाईंच्या हट्टाची सवय होती. ज्यूंच्या संहाराचा धडा आला की पाठ्यपुस्तकातलं अर्धं पान उरकून पुढं जाणं त्यांना चौतीस वर्षांत एकदाही जमलं नव्हतं. छावणीतून जिवंत परतलेल्यांच्या आठवणी त्या मुलांकडून वाचून घेत, वाचून काय वाटलं ते लिहायला लावत, आणि मग अख्खा वर्ग बसमध्ये घालून थेस्सलोनिकीच्या ज्यू संग्रहालयात नेत. दरवर्षी पुन्हा तेच का, असं पालक विचारत. बाई पुन्हा तेच करत.

यंदा त्यांनी शाळेच्याच माळ्यावरून १९४४ चा हजेरीपट खाली काढला आणि वर्गापुढं उघडला. सात ज्यू मुलींच्या नावांपुढं एकच निकाल होता : गैरहजेरीमुळे नापास. वर्गात खसखस पिकली. खाड्यांपायी वर्ष गमावलेलं कुणी ना कुणी तिथं प्रत्येकाच्या घरात निघतं. सगळ्यांत मोठ्यानं हसली दोम्ना, कारण तिचे स्वतःचेच खाडे अगदी काठावर आले होते. "म्हणजे माझ्याच पंथातल्या की," ती म्हणाली. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी तिलाच त्या मुलींचे खाडे मोजायला बसवलं.

दोम्ना बसली ती उठेचना. शुक्रवारी, २४ मार्चला, सातही जणी हजर होत्या. शनिवारी, राष्ट्रीय सणाच्या पहाटे, जर्मनांनी गावातले सगळे ज्यू ट्रकमध्ये कोंबून नेले. सोमवारपासून खाडे सुरू. रोजचे सहा तास, न चुकता, जूनपर्यंत. संग्रहालयात गेल्यावर दोम्नानं फोटोंपुढं रेंगाळण्याऐवजी मृतांची यादी मागून घेतली आणि त्यात सातही नावं शोधली. परतीच्या बसमध्ये ती बाईंशेजारी येऊन बसली.

"बाई, राखेल नेग्रीन एप्रिलमध्येच गेली. सगळ्याच गेल्या. आणि आपली शाळा जूनपर्यंत त्यांचे खाडे मांडत बसली."

हा निकाल असाच ठेवून आपण घरी बसायचं नाही, हे बाईंनी तिथंच ठरवलं. म्हणून आज ही बैठक होती आणि म्हणून दोम्ना त्यांच्या खुर्चीमागं उभी होती. ख्रिसान्थोस माणूस वाईट नव्हता. भित्रा होता, आणि भित्र्या माणसाला नियमाचा फार आधार वाटतो. खाडाखोड हा गुन्हा आहे, असं त्यांनी तिसऱ्यांदा बजावलं, तेव्हा दोम्ना पुढं झाली.

"सर, डिसेंबरात माझी आई दवाखान्यात होती. तुम्ही माझे खाडे खोडले नाहीत. शेऱ्याच्या रकान्यात कारण लिहिलंत, म्हणून मी अजून वर्गात आहे." तिनं हजेरीपट उघडून त्यांच्यापुढं सरकवला. "यांचा रकाना कोराच आहे. काही खोडू नका. नुसतं कारण लिहा."

ख्रिसान्थोसांनी त्या कोऱ्या रकान्यावरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. मग त्यांनी मत मागितलं. पहिला हात वर केला तो व्यायामशिक्षकानं, जो बैठक लांबली म्हणून मघापासून कुरकुरत होता. पाठोपाठ सगळेच हात वर गेले. मुख्याध्यापकांनी पेन उघडलं आणि राखेलच्या नावापुढं वळणदार अक्षरात लिहिलं : '२५ मार्च १९४४ रोजी नाझींनी पकडून नेले. आउशवित्झ येथे ठार केले. ही गैरहजेरी नव्हे.' खालच्या ओळीवर सवयीनं त्यांनी 'व' काढला.

"वरीलप्रमाणे नको, सर," बाई म्हणाल्या. "प्रत्येकीला तिचं पूर्ण वाक्य द्या."

त्यांनी पहिल्यांदाच वाद घातला नाही. त्या 'व'चंच त्यांनी कसंबसं 'वार शनिवार' करून घेतलं, त्यापुढं '२५ मार्च १९४४ रोजी' जोडलं आणि सातही वाक्यं पुरी लिहिली. खाली सही केली, शिक्का मारला. आपण जिंकलो, असं एव्हान्थियाबाईंना स्पष्ट वाटलं आणि त्याची त्यांना अजिबात लाज वाटली नाही.

तास संपल्याची घंटा झाली. ख्रिसान्थोस हजेरीपट मिटायला गेले.

"शाई ओली आहे," दोम्ना म्हणाली.

कुणीच जागचं हललं नाही. उघड्या पानाभोवती सगळे शिक्षक उभे राहिले, शाई वाळेपर्यंत.