शिळं पाणी

दोन हंडे, तीन कळश्या, एक पिंप आणि चार बादल्या. शीलाच्या घरात भांडी दहा होती आणि पाणी अर्धा तांब्या. नळ यायच्या वेळेला तिने रोजच्याप्रमाणे शिळं पाणी ओतून टाकून भांडी घासली होती. नळ मात्र आलाच नाही. वादळाने विजेचे खांब पाडले होते आणि आळेफाट्याच्या टाकीची मोटर बंद होती. बाहेर पाऊस कोसळत होता, आणि उद्या तिच्या नातवाचं बारसं होतं, चाळीस पानांचं.

"पुढं ढकलू," नवरा हौशीराम म्हणाला.

"बाराव्याचं बारसं तेराव्याला करत्यात व्हय?" शीला कडाडली.

खालच्या मजल्यावरची कौसर जिन्यातच हसली. "वैनी, आभाळ फाटलंय अन् तुमी नळाकडं बघताय!"

तिने नवऱ्याच्या ट्रकसाठी आणलेली कोरी ताडपत्री वर आणली. तिघांनी ती गच्चीच्या कठड्याला बांधली आणि एक कोपरा खाली सोडला. वारा तो कोपरा सारखा उडवू लागला.

"भाऊ, तुमीच बसा त्यावर. वजन हाय तुमचं," कौसर म्हणाली.

हौशीराम भिजत बसला. पहिली दहा मिनिटं शीलाने पाणी वाहू दिलं, ताडपत्री धुऊन निघाली, मग धारेखाली हंडा लावला. हंड्यामागून कळशी, कळशीमागून बादली. शेवटी बादल्यांनी पिंप भरलं आणि बादल्या पुन्हा धारेखाली लावल्या.

पाऊस ओसरला तेव्हा तिने मोजलं. दहा भांडी काठोकाठ, दोनशे तीस लिटर, आणि तो अर्धा तांब्या.